रोग देहाचा, भाव देवाचा



आजच्या निरूपणाचा विषय थोडा निराळा आहे. नामाचा महिमा, संतांची चरित्रे, वारीचे नियम हे आपण नेहमीच बोलतो. पण आनंदनगरच्या कारखान्यांतून पाळी करून येणारी, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतून राहणारी आपली भजनी मंडळी पाहिली म्हणजे एक गोष्ट वारंवार मनाला लागते. हरिपाठाला एखादा टाळकरी दिसेनासा होतो. विचारपूस करावी तर कळते, अंगावर दुखणे आहे. दवाखान्यात गेला का, असे विचारले तर उत्तर येते ते चार प्रकारचे. कोणी म्हणतो, ‘बाहेरचे आहे.’ कोणी म्हणतो, ‘प्रारब्धाचा भोग आहे, भोगूनच सरायचा.’ कोणी म्हणतो, ‘माउली सांभाळते, गोळ्या कशाला?’ आणि कोणी काही बोलतच नाही, मान खाली घालतो. त्याला दुखण्याची लाज वाटते.

मंडळी, नीट पाहा. दुखणे एकच असेल, पण माणूस त्याविषयी मनात जो भाव धरतो त्यावर तो कोणते दार ठोठावणार हे ठरते. कोप मानला तर भगताचे दार, भोग मानला तर कोणतेच दार नाही, कृपा मानली तर हातातले औषधही सुटते, आणि लाज मानली तर घरातच दार लावून बसणे. औषधाची बाटली उघडण्याच्या आधी मनाची ही गाठ उघडावी लागते. म्हणून हे चारही भाव आपण एकेक करून तपासू.

पहिला भाव कोपाचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’ असे म्हणत. घरात कडुलिंबाचा पाला टांगायचा, फोडणी द्यायची नाही, रोग्याला हात जोडायचे, आणि औषध मुळीच द्यायचे नाही, कारण औषध दिले तर देवी रागावेल. त्या रागाच्या भीतीने किती लेकरे गेली, किती आंधळी झाली, किती जणांच्या तोंडावर जन्माचे वण राहिले, त्याची गणती नाही. पुढे लस आली. हिंदुस्थानात पहिली लस आपल्याच मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढे दुसऱ्यांना, तिसऱ्यांना अशी लस देशभर गेली.

आता गंमत पाहा. लोकांनी लस घेतली, पण तिला नाव काय दिले? ‘देवी काढणे.’ टोचायला येणारा तो ‘देवी डॉक्टर.’ म्हणजे देवीवरचा भाव कोणी टाकून दिला नाही; हात जोडणेही चालू राहिले आणि दंडही पुढे झाला. भाव आणि उपाय एका घरात नांदू शकतात, हे आपल्या साध्या भोळ्या बायाबापड्यांनीच दाखवून दिले. फळ काय मिळाले? १९७५ च्या मे महिन्यात या देशातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. देवी खरोखरच रागावून रोग देत असती, तर लस टोचणाऱ्यांवर ती अधिकच कोपली असती. तसे झाले नाही. रोग गेला आणि देवळातली आई जागच्या जागी आहे.

पण भीती अजून गेली नाही. गोवर-कांजिण्या निघाल्या की आजही कित्येक घरांत ‘बाईचे आहे’ म्हणून औषध बंद. २०२२ साली मुंबईच्या गोवंडीत आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत गोवराची साथ आली, लेकरे दगावली. ज्यांना लस टोचली नव्हती त्यांना ती साथ भोवली. गोवराच्या पोराला धाप लागली, त्याने दूध-पाणी सोडले, की एक घटकाही घरी ठेवू नये. त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस लागतो, फुप्फुसाला सूज आली असेल तर औषध लागते. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा. पण पोर उचला आणि आधी दवाखान्यात न्या.

पटकीचेही तसेच. ती तर आपल्या पंढरीची जुनी दुखरी आठवण. यात्रेत पटकी फुटली म्हणजे वाळवंटात माणसे पटापट पडत आणि परतणाऱ्यांबरोबर ती गावोगाव जाई. गावात मरीआईचा कोप झाला म्हणायचे आणि तिचा गाडा सजवून शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. शेजारचे गाव तो पुढे ढकलणार. गाडा फिरे, रोगही फिरे. १८८४ साली कॉक नावाच्या जर्मन वैद्यकाने कलकत्त्यास पटकीचे जंतू ओळखून दाखविले. तो जंतू घाण झालेल्या पाण्यातून पोटात जातो. म्हणजे कोप शिवेवर नव्हता, घागरीत होता. मग पाणी शुद्ध करणे, लस टोचणे सुरू झाले. सुईला भिणारे वारकरी त्या वेळीही होते. पण वारी घडावी म्हणून त्यांनी दंड पुढे केला. आज आपण निर्धास्तपणे वारीला जातो, त्यात त्या दंडांचाही वाटा आहे.

आता उताऱ्याकडे येऊ. आपल्या भागात पावसाळा लागला, गटार आणि नळ एक झाले, की काविळीचे रोगी निघतात. काविळ झाली की पहिला शब्द निघतो, ‘माळ घालून आणा.’ डोक्यावर ठेवलेली इवलीशी माळ दोन-चार दिवसांत वाढत वाढत कमरेपर्यंत येते. जशी माळ उतरते तशी काविळ उतरते, असे म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी हात चोळून चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळे होते, काविळ निघाली म्हणतात. तिसऱ्या ठिकाणी नाकात देवडांगरीचा रस सोडतात, नाकातून पिवळे पाणी वाहते.

यातले मर्म असे आहे. माळ ओल्या काड्यांची असते आणि दोऱ्याच्या खास गाठींत त्या काड्या गुंतविलेल्या असतात. काड्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. तीच माळ खुंटीला अडकवा, तिथेही ती लांबेल. खुंटीला काही काविळ झालेली नसते. हाताला आधी आंब्याच्या सालीचे पाणी लावलेले असले की चुन्याच्या निवळीत ते पिवळे होते. निरोगी माणसाचेही होईल. आणि देवडांगरी इतकी जहाल की नाकाची आतली कातडीच सुजून पाणी गळते. ते पाणी यकृतातून आलेले नसते.

कोणी म्हणेल, ‘महाराज, पण आमचा माणूस माळेने बरा झाला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला!’ खरे आहे. तुम्ही खोटे बोलत नाही. घाण पाण्याने होणारी काविळ बहुतेकांची काही आठवड्यांत विश्रांतीने आपोआप बरी होते. बरे केले शरीराने, यश गेले माळेला. याच कारणाने हा विश्वास इतका घट्ट बसतो; दहांतले नऊ बरे होतात आणि त्यांची गोष्ट गावभर होते. दहावा गेला, तर म्हणतात, ‘त्याची वेळ भरली होती.’ मंडळी, आमचा सारा जीव त्या दहाव्यासाठी तुटतो आहे. डोळे पिवळे होणे हे एका रोगाचे नाव नव्हे. पित्ताच्या वाटेत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात. उल्हास नदीला पूर येऊन वस्तीत पाणी शिरते, त्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते. पायाला जखम असता त्यातून चाललेल्या माणसाला ताप येऊन डोळे पिवळे झाले तर तो लेप्टो असू शकतो, आणि त्यात दोन-चार दिवसांचा उशीर जिवावर बेततो. गर्भारशीला शेवटच्या महिन्यांत काविळ झाली तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो. माळेपाशी बसून हे कळत नाही; रक्त तपासल्याने कळते.

विंचवाचेही असेच. नाथमहाराजांचे विंचवाचे भारूड आपण सारेच रंगून ऐकतो. तिथे विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. पण नाथांनी मनाच्या विंचवाला मनाचे औषध सांगितले म्हणून अंगणातल्या विंचवालाही भारूड म्हणत बसावे काय? कोकणातला लाल विंचू लहान लेकराला चावला आणि त्याला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर विष हृदयावर गेले असे समजावे. महाडच्या बाजूला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशी लेकरे डोळ्यांदेखत जाताना पाहिली, रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून अभ्यास केला, आणि रक्तदाबावरच्या ‘प्राझोसिन’ नावाच्या साध्या गोळीने ती वाचतात हे दाखविले. १९८६ साली त्यांचे लेखन इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आले, २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती गोळी वेळेवर पोटात गेली तर बहुतेक मुले वाचतात. मंत्राने उतरतो तो कोणता विंचू? जो बहुधा नुसताच दुखवतो आणि काही तासांनी आपोआप शांत होतो तो.

२०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा पुष्कळ वारकऱ्यांच्या मनात किंतु होता की आता आपल्या वारीवर, कीर्तनावर गदा येते की काय. पण कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असे त्यातच स्वच्छ लिहिले आहे. त्याने अडविले आहे ते हे की, साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणे. यात वारकऱ्याला अडचण काय? आपल्या संतांनी चारशे वर्षांपूर्वीच हेच सांगितले. तुकोबांनी नवसा-सायासांवर आणि अंगात आणणाऱ्यांवर किती कोरडे ओढले, हे गाथा वाचणाऱ्याला सांगायला नको. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढीत. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. तिथे टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे गोरगरीब आणि त्यांची माणसे उतरतात. बाबांच्या नावाने रोग्याला आसरा मिळतो तो दवाखान्याच्या वाटेवर. यातून काय ते समजावे.

आता जो भाव वारकऱ्यालाच अधिक घातक, तो सांगतो. तो कृपेचा. ऐकून नवल वाटेल, पण ऐका.

एका दिंडीत आमच्याबरोबर एक वयोवृद्ध माळकरी होते. साखरेचा आजार बारा वर्षांचा. आळंदीहून निघताना गोळ्यांची पुडी त्यांनी मुद्दाम घरी ठेवली. म्हणाले, ‘अठरा दिवस माउलीच्या संगतीत आहे, तिथे गोळी घेतली तर माउलीवर अविश्वास होईल.’ पायांत वहाण नाही. दिवे घाटातली डांबर तापलेली. सासवडला पोहोचलो तेव्हा तळव्याला मोठा फोड. कोणी म्हणाले, बुवा, मलमपट्टी करा. बुवा हसले, ‘अरे, मला दुखतच नाही. ही माउलीची कृपा!’ सगळ्यांनी हात जोडले. जेजुरी गेली, लोणंद गेले, फलटण गेले. नातेपुत्याला एका तरुण टाळकऱ्याला वास आला. त्याने बुवांचा पाय मांडीवर घेतला, फडके सोडले आणि तो रडूच लागला. तसेच उचलून दवाखान्यात नेले. पाय वाचला, पण दोन बोटे गेली.

मंडळी, दुखत नव्हते ती कृपा नव्हती. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या संवेदनेच्या नसा मरतात; काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. न दुखणे हाच तिथे रोग. कृपा कोणती होती म्हणाल, तर त्या पोराला वास आला आणि त्याने पाय मांडीवर घेतला, ती. बुवा पुढे म्हणाले, ‘पाय दुखला असता तर बरे झाले असते.’ आज त्यांच्या पडशीत टाळांशेजारी गोळ्यांची डबी असते आणि रोज रात्री मुक्कामाला ते तळवे पाहून घेतात. २०२३ पासून सरकारही वारीच्या वाटेवर ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ म्हणून तपासणीची व्यवस्था करते. तिथे दहा मिनिटे बसलात तर वारी मोडत नाही.

एकादशीचेही सांगून टाकतो. गोळी घेतल्याने उपवास मोडतो, ही समजूत टाका. औषध हे अन्न नव्हे. उलट साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन दिवसभर निर्जळी राहिलात, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, भोवळ येते. आणि साबुदाणा, बटाटे, रताळी पोटभर खाल्लीत तर ती चढते. म्हणून उपवासाच्या आधी डॉक्टरला विचारावे, त्या दिवशी गोळी किती आणि फराळ काय. देवाला आपल्या उपाशी पोटाची भूक नाही. त्याला भाव हवा.

आता तिसरा भाव, भोगाचा. ‘प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही’ हे आम्हीही मानतो. पण दुखणे प्रारब्धात आहे म्हणता, तर दवाखाना, डॉक्टर, रिक्षाचे भाडे आणि औषधाची पुडी ही प्रारब्धाबाहेरची कशी झाली? भूक हाही देहाचा भोगच. तरी घरोघर चूल पेटतेच ना? पावसाने घर गळू लागले तर कोणी ‘भोग’ म्हणून भिजत बसत नाही, कौले शाकारतो. मग एकट्या दुखण्यालाच हा नियम का? खरे सांगायचे तर पुष्कळ वेळा भोगाचे नाव घेऊन आपण पैशाची चणचण, कामावरची सुट्टी आणि मनातली भीती झाकतो. प्रयत्न संपल्यावर जे उरते, त्याला भोग म्हणावे. प्रयत्नाच्या आधी म्हणू नये. नरदेह दुर्लभ, असे सारे संत एकमुखाने सांगतात. ज्या मुखाने नाम घ्यायचे, ज्या पायांनी पंढरीला जायचे, तो देह देवाने दिलेली ठेव आहे. ठेव सांभाळणे हीही सेवाच.

यावर मोठे प्रमाण आपणच घालून दिले आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा आषाढीची पायी वारी झाली नाही. ३० जून रोजी संतांच्या पादुका एस. टी.च्या गाडीतून मोजक्या मंडळींसह पंढरपूरला गेल्या. १ जुलैची एकादशी लाखो वारकऱ्यांनी आपापल्या उंबरठ्याच्या आत केली. पुढल्या वर्षीही तेच. ज्याची वारी पिढ्यान्‌पिढ्या चुकली नव्हती तो घरी बसला. त्याचा भाव कमी झाला काय? मुळीच नाही. आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी रोग जाऊ नये म्हणून त्याने पाय आवरले. ती वारी पांडुरंगाने मोजली असेल, यात आम्हाला शंका नाही.

राहिला चौथा भाव, लाजेचा. क्षयरोग, महारोग, मनाचा आजार यांची नावे घेतली की माणसे दार लावून घेतात. मुलीचे लग्न मोडेल, चाळीत बोभाटा होईल. क्षयाची गोष्ट अशी की औषध सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते, आणि माणूस म्हणतो, ‘बरा झालो.’ तिथेच घात होतो. साधे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर उरलेले जंतू चिवट होतात आणि मग साधी औषधे चालत नाहीत. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. सकस आहारासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. रोग होणे हे पाप नव्हे. पाप असेल तर ते रोग्याला वाळीत टाकण्यात आहे. वारीत आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. मग खोकणाऱ्या शेजाऱ्याच्या दाराशी जायला का कचरावे?

हे सारे ऐकून कोणी भगताकडे जाणाऱ्या बाईला हसू नये. रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणते, खिशात पैसे नाहीत, कारखान्यात खाडा केला तर पगार कापतात, दवाखान्यात रांग, आणि बोललेले समजत नाही. भगत मात्र गल्लीतच असतो, डोक्यावर हात ठेवतो, दोन शब्द धीराचे बोलतो. माणूस जातो तो त्या हाताकडे. तो हात वारकऱ्याने पुढे करावा. आनंदनगर असो, उल्हासनगरचे कँप असोत की बदलापूरचे वाडे-पाडे, प्रत्येक भजनी मंडळाने एवढे ठरवावे: आपल्यात कोण आजारी आहे हे दर एकादशीला विचारायचे. एकट्याला दवाखान्यात पाठवायचे नाही, बरोबर एक जण जायचा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो की अंबरनाथचे छाया रुग्णालय, रांगेत उभे राहायला सोबत हवी. काविळ, विंचू, साप, लहान लेकराची धाप, यांत आधी दवाखाना, मग अंगारा. आणि जो डॉक्टरने दिलेले औषध बंद करायला सांगतो, तो कितीही मोठी माळ घालून बसलेला असो, त्याचे ऐकायचे नाही.

मग नामाचे काय? नाम तर हवेच. ताप चढलेल्या माणसाच्या उशाशी बसून कोणी हळू आवाजात नाम घेतले तर त्याची भीती ओसरते, झोप लागते, कडू औषधही घशाखाली उतरते. देहाला औषध द्यावे आणि जिवाला नाम. एकाचे काम दुसऱ्याकडून करवून घेऊ नये.

विठ्ठल विटेवर उभा आहे तो दोन्ही हात कटीवर ठेवून. आपण म्हणतो, देव काही करीत का नाही? तो आपल्या हातांची वाट पाहत असेल. लेकराला उचलून दवाखान्यात नेणारे हात त्याचेच, सुई टोचणारे हात त्याचेच, आणि नातेपुत्याला त्या बुवांचा पाय मांडीवर घेणारे हातही त्याचेच. येत्या आषाढीला वाळवंटात सगळे सुखरूप भेटावेत, एकही टाळ कमी वाजू नये, एवढेच मागणे त्या पांडुरंगाचरणी करून ही सेवा संपवितो.

रामकृष्णहरि.